ज्ञानाची सामाईक वहिवाट

शास्त्रीय संशोधन हे सर्व मानवजातीचे धन आहे आणि ते सर्वांपुढे मोकळेपणाने मांडणे हा शास्त्राचा मूळ स्वभावच आहे, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. परंतु इतिहासाची दप्तरे उघडून पाहिली असता या समजुतीला फारसा आधार सापडत नाही. इ. स. १६१० च्या उन्हाळ्यात शनी ग्रह एकटा नसून त्याच्या दोन्ही बाजूंस काही तरी लगटून आहे असे गॅलिलिओला दुर्बिणीतून दिसले, तेव्हा त्याने ते वृत्त प्राग येथे केप्लरपर्यंत पोहोचविले खरे, पण ३७ अक्षरांची अशी उलटापालट करून की वाचणाऱ्यास अर्थबोध होऊ नये आणि पुढे दुसरा कोणी तोच शोध आपला म्हणून सांगू लागल्यास गॅलिलिओच्या हाती पुरावा मात्र असावा. केप्लरने ती अक्षरे जुळविण्याची खटपट केली आणि मंगळाला दोन चंद्र आहेत असा भलताच अर्थ काढला. रॉबर्ट हूकने स्प्रिंगच्या ताणाविषयीचा आपला नियम १६७६ मध्ये असाच अक्षरांच्या कोड्यात बंद करून छापला आणि त्याची फोड दोन वर्षांनी केली. न्यूटनने कलनशास्त्राची आपली रीत १६६५-६६ च्या सुमारास सिद्ध केली असूनही ती कित्येक वर्षे छापली नाही; लायब्निट्झने १६८४ मध्ये स्वतःची रीत प्रसिद्ध केली; आणि त्यातून अग्रहक्काचा जो कज्जा उभा राहिला, त्याने इंग्लंडचे गणिती आणि युरोप खंडातील गणिती पुढे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांस दुरावले.

या थोर पुरुषांना कोत्या मनाचे ठरविणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. ज्या काळी विद्वानाचा योगक्षेम एखाद्या राजाच्या वा सरदाराच्या मर्जीवर चाले आणि शोध कोणाचा याचा निवाडा करणारी कोणतीही कचेरी नव्हती, त्या काळी आधी बोलणाऱ्याचे नुकसान व झाकून ठेवणाऱ्याचा लाभ अशीच एकंदर व्यवस्था होती, आणि ती त्यांनी निर्माण केलेली नव्हती. संशोधकांमधील खुल्या सहकार्याचा गेल्या साडेतीन शतकांचा वृत्तान्त वाचताना मला जे वारंवार दिसून आले ते असे, की हे सहकार्य कोणाच्या औदार्यातून आपोआप उपजलेले नाही. सांगणाऱ्याचे श्रेय सुरक्षित राहील आणि सांगण्याचा खर्च कोणी तरी उचलील, अशी तजवीज जेथे झाली तेथे भिंती पडल्या, आणि जेथे ती झाली नाही तेथे कितीही उपदेश केला तरी त्या तशाच उभ्या राहिल्या. पुढील आढावा याच दृष्टीने घेतला आहे.

ही तजवीज प्रथम ज्याने घडवून आणली तो हेन्री ओल्डेनबर्ग स्वतः मोठा शास्त्रज्ञ नव्हता. जर्मनीतील ब्रेमेन शहरी जन्मलेला हा गृहस्थ लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस होता, आणि परदेशच्या विद्वानांशी त्याचा पत्रव्यवहार इतका अफाट होता की १६६७ मध्ये, इंग्लंड व हॉलंड यांचे युद्ध चालू असता, सरकारला त्याचा संशय येऊन त्याला काही काळ लंडनच्या टॉवर या किल्ल्यात कैदेत राहावे लागले. मार्च १६६५ मध्ये त्याने ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच वर्षी जानेवारीत पॅरिसमध्येही एक विद्वत्पत्रिका निघाली होती, परंतु ओल्डेनबर्गचा विशेष असा की संशोधकाचे पत्र सोसायटीकडे केव्हा रुजू झाले याची नोंद ठेवून ते लवकर छापण्याची हमी त्याने दिली. जो प्रथम सर्वांना सांगेल त्याचाच शोध, हा दंडक येथून हळूहळू रूढ झाला, आणि जमीनजुमल्याच्या बाबतीत कधीही घडू न शकणारी गोष्ट विद्येच्या बाबतीत घडून आली: वस्तू देऊन टाकणे हाच तिच्या मालकीचा दाखला ठरला. पुढे १८६८ च्या १८ ऑगस्टला भारतावरून गेलेल्या खग्रास सूर्यग्रहणात गुंटूर येथे वेध घेताना फ्रेंच ज्योतिर्विद झान्सेन याला सूर्याच्या कडेवरील ज्वाला ग्रहण नसतानाही पाहता येतील हे उमगले, आणि इंग्लंडमध्ये लॉकियर स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला दोन महिन्यांनी पोहोचला, तेव्हा दोघांची पत्रे पॅरिसच्या अकादमीपुढे एकाच दिवशी वाचली गेली. दोघांच्याही मुद्रा असलेले पदक फ्रान्समध्ये पाडण्यात आले. हूक आणि न्यूटन यांच्या काळी हाच प्रसंग कोणत्या थराला गेला असता, याची कल्पना सहज करता येईल.

तथापि केवळ नियतकालिके निघाल्याने संशोधकांचे एकाकीपण संपले नाही. मेंडेलने वाटाण्याच्या झाडांवरील आपले प्रयोग १८६५ मध्ये ब्रनो येथील सभेत वाचले, दुसऱ्या वर्षी ते छापूनही आले, आणि तरीही १९०० सालापर्यंत, म्हणजे मेंडेलच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांपर्यंत, आनुवंशिकतेचा तो नियम जवळजवळ कोणाच्या गणतीत नव्हता. हेन्री कॅव्हेंडिशची गोष्ट याच्या उलट. त्याने विद्युच्छक्तीविषयी केलेले प्रयोग त्याच्या कागदांतच राहिले, आणि १८७९ मध्ये मॅक्सवेलने ते संपादून काढले तेव्हा लोकांना कळले की कूलोम आणि ओम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले नियम या अबोल उमरावाला त्यांच्या आधीच हाती लागले होते. पहिल्याने सांगितले पण कोणी ऐकले नाही. दुसऱ्याने सांगितलेच नाही. शास्त्राची हानी मात्र दोन्ही ठिकाणी सारखीच झाली, कारण जे एकदा कळले होते तेच दुसऱ्यांदा कळावे म्हणून माणसांची आयुष्ये खर्ची पडली.

आपल्या देशात हे एकाकीपण अंतराचे आणि दारिद्र्याचे होते. मद्रास पोर्ट ट्रस्टमधील कारकून श्रीनिवास रामानुजन याने १६ जानेवारी १९१३ रोजी केंब्रिजचा गणिती हार्डी याला पत्र लिहिले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण त्या पत्रातील काही सिद्धान्त युरोपात पूर्वीच सिद्ध झालेले होते, ते ठाऊक नसल्यामुळे रामानुजनने त्यांच्यावर आपली अमोल वर्षे वेचली होती, आणि ही खंत स्वतः हार्डीने व्यक्त केली, या गोष्टीकडे चरित्रकार जितके लक्ष देतात तितके सामान्य वाचक देत नाहीत. याहून कमी प्रसिद्ध अशी एक हकीकत पुण्याशी निगडित आहे. १९०७ मध्ये महसूल खात्यातील व्ही. रामस्वामी अय्यर या अधिकाऱ्याने देशभर विखुरलेल्या गणितप्रेमींना अशी सूचना केली की एकेकट्याला न परवडणारी परदेशी नियतकालिके व ग्रंथ सर्वांनी वर्गणी काढून मागवावेत आणि टपालाने आपसांत फिरवावेत. त्यातूनच इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी उभी राहिली. तिचे ग्रंथालय फर्ग्युसन कॉलेजात प्राचार्य रँग्लर र. पु. परांजपे यांच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले, आणि तिच्याच नियतकालिकात १९११ मध्ये रामानुजनचा पहिला लेख छापून आला. नोकरीच्या शोधात असलेल्या रामानुजनला आश्रय देणारे रामचंद्र राव हेही याच मंडळाचे पदाधिकारी होते. हार्डीच्या गुणग्राहकतेचे श्रेय यत्किंचितही कमी न करता असे म्हणता येईल की केंब्रिजची वाट या पुण्या-मद्रासच्या सामाईक ग्रंथव्यवहारातून निघाली. आणि मला स्वतःला त्या व्यवहाराचे महत्त्व पुढील काळातील पुष्कळ मोठ्या योजनांपेक्षा अधिक वाटते, कारण तो सरकारी सनदेवाचून, स्वतःच्या खिशातून, गरज ओळखून केलेला होता.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना असे मंडळ लाभले नाही, किंवा लाभूनही त्याचा उपयोग झाला नाही. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, मात्र तिचे चारही अंक सारखे नसावेत. ते अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून मोठीतून लहान वजा करावी. हीच कृती पुनःपुन्हा करीत गेल्यास फार तर सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. हे त्यांनी शोधले, पदरमोड करून पुस्तिका छापल्या, परंतु विद्यापीठांतील गणितज्ञांनी त्यांच्या अंककौतुकाला करमणुकीपलीकडे किंमत दिली नाही. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेतील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा नाशिक जिल्ह्यातील या निवृत्त शिक्षकाचे नाव जगभर झाले. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांचे उदाहरण याहून गंभीर आहे. पटकीच्या जंतूतून स्रवणारे विष आतड्यावर परिणाम करते हे त्यांनी सशावरील प्रयोगाने दाखवून १९५९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले, लेख जगातील अग्रगण्य नियतकालिकात आला असूनही त्याचे मोल पटण्यास कित्येक वर्षे जावी लागली, आणि १९७८ मध्ये नोबेल परिषदेचे निमंत्रण त्यांना आले तोवर ते सेवानिवृत्त झालेले होते. छापणे आणि सहकारी मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पुढचा प्रयोग करण्यास साधने, बोलण्यास तुल्यबळ माणसे आणि आपले म्हणणे उचलून धरणारी संस्था यांतले काहीच नसेल, तर छापील पानही मुकेच राहते.

काही शास्त्रे अशी आहेत की तेथे एकट्याने काम करणे सृष्टीनेच अशक्य करून ठेवले आहे. १७६१ व १७६९ सालची शुक्राची अधिक्रमणे पृथ्वीच्या दूरदूरच्या स्थळांहून एकाच वेळी पाहिल्याखेरीज सूर्याचे अंतर निघणार नव्हते, म्हणून पहिल्या वेळी इंग्लंड व फ्रान्स यांचे युद्ध चालू असतानाही दोन्हीकडचे ज्योतिषी मोहिमेवर निघाले; पाँडिचेरी इंग्रजांनी घेतल्यामुळे फ्रेंच ज्योतिषी ल झांती याला ते समुद्रावरूनच पाहावे लागले, आणि आठ वर्षे पूर्वेकडे थांबून दुसऱ्या वेळी तो पाँडिचेरीत उभा राहिला तर आकाश ढगांनी भरून आले. हवामानशास्त्राने १८७३ च्या व्हिएन्ना परिषदेपासून निरीक्षणांची एकच रीत सर्व देशांत लागू करण्याचा प्रघात पाडला. १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात ६७ देशांनी भाग घेतला आणि शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिका व रशिया यांनी निरीक्षणांची भांडारे एकमेकांस खुली ठेवली. पुढच्याच वर्षी झालेल्या अंटार्क्टिका तहनाम्यात शास्त्रीय निरीक्षणांची मोकळी देवघेव हे कलमच घालण्यात आले. युद्धाने भिंती उभारल्या तरी त्या किती काळ उपयोगी पडतात, याचा एक दाखला येथे द्यावासा वाटतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील भौतिकशास्त्रज्ञांनी अणुविखंडनावरील लेख छापणे थांबविले, तेव्हा रशियातील तरुण शास्त्रज्ञ फ्ल्योरोव्ह याला नियतकालिकांतील त्या शांततेवरूनच संशय आला, आणि अमेरिका अणुबाँबच्या मागे असावी असे त्याने १९४२ मध्ये स्टालिनला लिहून कळविले.

परंतु सहकार्य जेथे सक्तीचे नव्हते, जेथे स्पर्धा तीव्र होती आणि पैसाही मोठा होता, अशा जीवशास्त्रात ते कसे रुजले हा या विषयातील सर्वांत बोधप्रद भाग आहे. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनरने १९६० च्या दशकात अवघ्या एक मिलिमीटर लांबीच्या, पारदर्शक अशा एका गोलकृमीची अभ्यासासाठी निवड केली. हा विषय त्या वेळी कोणाचाच नव्हता; त्यामुळे त्याच्याभोवती जमलेल्या मोजक्या तरुणांनी आपले वाण, आपल्या युक्त्या आणि अपुरे निष्कर्षसुद्धा एकमेकांस कळविण्याची रीत पहिल्यापासून घालून घेतली, आणि १९७५ पासून या कृमीच्या अभ्यासकांचे एक अनौपचारिक वृत्तपत्रही निघू लागले. फळमाशीच्या अभ्यासकांत ही चाल १९३४ पासूनच होती. जॉन सल्स्टनने सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून कृमीच्या ९५९ शरीरपेशींची वंशावळ उलगडली. पुढे तो व त्याचे सहकारी आणि अमेरिकेतील सेंट लुइसचे वॉटरस्टन यांनी त्या कृमीच्या जनुकद्रव्याचा नकाशा तयार करताना जे जे हाती येईल ते लगेच सर्वांना दिले. यात परोपकार होता, तसा हिशेबही होता: नकाशा जितक्या लोकांच्या हाती, तितक्या त्याच्या चुका लवकर निघत आणि तितक्या नव्या खुणा त्यात भरल्या जात.

या छोट्या मंडळीची वहिवाट मानवी जनुकसंचाच्या प्रचंड योजनेला लागू झाली, ही विसाव्या शतकातील शास्त्राच्या कारभारातील एक मोठी घटना आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावर जमलेल्या शास्त्रज्ञांनी असे ठरविले की एक हजाराहून अधिक अक्षरांचा जोडलेला अनुक्रम २४ तासांच्या आत सर्वांस खुला करावा, आणि त्यावर कोणीही एकस्व घेऊ नये. ज्या क्षेत्रात वर्षभर माहिती दाबून ठेवून मग लेख लिहिण्याची रीत होती, तेथे ही २४ तासांची मुदत कित्येकांना अविचाराची वाटली. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांच्या पुढाकाराने सेलेरा ही खासगी कंपनी तेच काम वेगाने करण्यास उतरली तेव्हा खुल्या पक्षाची कसोटी लागली. सेलेरा सार्वजनिक भांडारातील माहिती घेऊ शके, पण आपली माहिती शर्तींशिवाय देत नसे. तरीही सार्वजनिक योजना टिकली, जून २००० मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून कच्च्या मसुद्याची घोषणा केली, आणि एप्रिल २००३ मध्ये काम पुरे झाल्याचे जाहीर झाले. ती टिकण्याचे कारण केवळ ध्येयनिष्ठा असे मी मानत नाही. इंग्लंडचा वेलकम ट्रस्ट व अमेरिकेचे सरकार यांनी अनुदानाची अटच अशी घातली की माहिती देणाऱ्याला पैसा मिळेल आणि अडवून धरणाऱ्याला मिळणार नाही, हे ते कारण आहे. ध्येयनिष्ठेला खजिन्याचा आधार मिळाला.

भौतिकशास्त्र व गणित यांनी निराळी वाट धरली. ऑगस्ट १९९१ मध्ये पॉल गिन्स्पार्ग यांनी लॉस अलामोस येथे अप्रकाशित लेखांचे संगणकीय भांडार उघडले, आणि आज त्या शास्त्रांतील पुष्कळ संशोधन छापील नियतकालिकाच्या आधी तेथे सर्वांस फुकट वाचावयास मिळते. जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत निर्माण झालेले वेबचे तंत्र ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने सर्व जगाला विनामूल्य देऊन टाकले. गणितात एकान्ताची परंपरा सर्वांत दृढ, म्हणून तेथील अनुभव मला विशेष लक्षणीय वाटतो. २००९ मध्ये टिमथी गॉवर्स यांनी एक कठीण प्रमेय जाहीरपणे मांडून ज्याला सुचेल त्याने सुचेल तेवढे सर्वांसमक्ष लिहावे असे आवाहन केले, आणि काही आठवड्यांत त्याची नवी सिद्धता उभी राहिली. ती ‘पॉलिमॅथ’ या सामूहिक नावाने छापली गेली. २०१३ मध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठात फारशा कोणाच्या परिचयाचे नसलेले अध्यापक यितांग झांग यांनी वर्षानुवर्षे एकट्याने झटून असे सिद्ध केले की ज्यांच्यातील अंतर सात कोटींहून कमी आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. लागलीच पॉलिमॅथच्या मंडळीने ते काम हाती घेऊन काही महिन्यांत सात कोटींची मर्यादा ४६८० वर आणली. मग जेम्स मेनार्ड या तरुणाने पुन्हा एकट्याने, अगदी वेगळ्या मार्गाने, ती ६०० वर आणली. आणि त्याची रीत व मंडळीचे श्रम एकत्र होऊन ती २४६ वर आली. एकान्त आणि सहकार्य यांना एकमेकांचे वैरी मानणाऱ्यांनी ही हकीकत लक्षपूर्वक पाहावी. नवी कल्पना दोन्ही वेळा एकट्या माणसाला सुचली, आणि दोन्ही वेळा तिचे पुरते फळ अनेकांच्या हातांनी काढले. हानिकारक आहे ते कोंडलेपण. चिंतनाचा एकान्त तर सहकार्यालाही हवाच.

उलट पक्षी, मोठ्या समूहांत श्रेयाचा प्रश्न बिकट होतो हेही नाकारता येत नाही. सर्नमधील दोन प्रयोगसमूहांनी हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी २०१५ मध्ये मिळून प्रसिद्ध केलेल्या लेखाला ५१५४ लेखक होते, आणि ३३ पानांपैकी २४ पाने त्यांच्या नावांनी व संस्थांनी व्यापलेली होती. त्यांतील एखाद्या तरुणाने कोणते यंत्र रात्र रात्र जागून दुरुस्त केले, हे नोकरीच्या मुलाखतीत कोण ओळखणार? श्रेय पूर्वी हिरावले जाई, आता ते विरून जाते. आणि हिरावले जाण्याचेही प्रकार संपलेले नाहीत. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत १९५२ मध्ये टिपलेले डीएनएचे क्ष-किरण छायाचित्र त्यांच्या नकळत, त्याच रेणूच्या रचनेमागे लागलेल्या वॉटसनला दाखविले गेले, ही घटना खुलेपणाच्या नावाखाली मांडता येणार नाही, कारण देणाऱ्याच्या संमतीवाचून घेतलेली वस्तू सामाईक होत नाही.

हीच तक्रार आज गरीब देश श्रीमंत देशांविरुद्ध करतात, आणि ती रास्त आहे. इंडोनेशियाने २००७ मध्ये बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देण्याचे थांबविले, कारण त्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्यांनी बनविलेली लस इंडोनेशियालाच परवडणारी नव्हती. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये नमुने देणाऱ्यांना लशीचा व औषधांचा वाटा मिळावा असा करार झाला. जानेवारी २०२० मध्ये शांघायचे झांग योंगझेन यांनी करोनाच्या नव्या विषाणूचा जनुकक्रम सिडनीचे एडवर्ड होम्स यांच्यामार्फत जगाला खुला केला, आणि काही दिवसांत लशींचे आराखडे तयार होऊ लागले. झांग यांची प्रयोगशाळा मात्र दुसऱ्याच दिवशी बंद करण्यात आली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिका व बोत्स्वाना येथील शास्त्रज्ञांनी ओमिक्रॉनची वार्ता तत्परतेने दिली तेव्हा त्यांच्या देशांच्या वाट्याला प्रवासबंदी आली. सत्य लवकर सांगणाऱ्यालाच दंड होत असेल, तर पुढच्या साथीत कोण सांगेल? आपल्याकडे हळदीच्या जखम भरून आणण्याच्या गुणावर अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने (सीएसआयआर) १९९७ मध्ये रद्द करविले. त्यात उपयोगी पडले ते जुने छापील ग्रंथ व लेख. झाकून ठेवलेल्या परंपरेचा त्या निवाड्यात काही उपयोग झाला नसता, प्रसिद्ध केलेल्या परंपरेचा झाला. खुलेपणामुळे आपले ज्ञान लुटले जाईल अशी भीती बाळगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे असे मी आग्रहाने म्हणेन.

भारतातील प्रयत्नांकडे वळताना सीएसआयआरने २००८ मध्ये सुरू केलेल्या खुल्या औषधशोध योजनेचा उल्लेख आधी करावयास हवा. क्षयाच्या जंतूचा जनुकक्रम १९९८ पासून उपलब्ध होता, पण त्यातील सुमारे चार हजार जनुकांपैकी पुष्कळांचे कार्य अज्ञात होते, डॉ. समीर ब्रह्मचारी यांच्या पुढाकाराने देशभरच्या शेकडो विद्यार्थ्यांनी २०१० मध्ये त्या जनुकांची माहिती वाङ्मयातून वेचून एकत्र केली. औषधे गरिबांची, म्हणून कंपन्यांना नफा नाही. तेव्हा संशोधन सर्वांचे असावे, ही त्यामागील भूमिका उदात्त होती. परंतु त्यातून नवे औषध रुग्णाच्या हाती आले नाही. माहिती गोळा करण्यास हौशी मने पुरतात, रेणू बनवून प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासण्यास वर्षानुवर्षांचा पैसा व वेतन घेणारी माणसे लागतात.

खगोलशास्त्रात मात्र आपण, आणि त्यातही महाराष्ट्राने, एक टिकाऊ आदर्श उभा केला आहे. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, म्हणजे आयुका, स्थापन केले, आणि जयंत नारळीकर यांनी त्याची घडण अशी केली की लहान गावच्या महाविद्यालयातील अध्यापकाने सुटीत तेथे यावे, ग्रंथालय व संगणक वापरावे, देशी-परदेशी संशोधकांबरोबर बसावे आणि परत जाऊन आपल्या विद्यार्थ्यांना त्या कामात ओढावे. १९०७ च्या टपालाने फिरणाऱ्या ग्रंथालयाचेच हे अधिक संपन्न रूप आहे. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून उभी राहिलेली, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही दुर्बीण जगातील कोणत्याही संशोधकाला केवळ प्रस्तावाच्या गुणवत्तेवर वेळ देते. निरीक्षण ज्याने मागितले त्याला काही ठराविक मुदतीपर्यंत ते एकट्याने वापरण्याचा हक्क असतो, आणि मुदत संपल्यावर ते सर्वांस खुले होते. ही मुदतीची युक्ती मला फार शहाणपणाची वाटते, कारण तीत श्रम करणाऱ्याचे श्रेय आणि समाजाचा हक्क या दोहोंची सोय एकाच नियमात लागते. जून २०२३ मध्ये अतिमंद कंपनांच्या गुरुत्वीय लहरींचा पुरावा युरोपीय व भारतीय संशोधकांनी मिळून प्रसिद्ध केला, त्यात स्पंदकांच्या खोडदहून घेतलेल्या निरीक्षणांचा वाटा होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली गेली, तेव्हाही लायगो व व्हर्गो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळांच्या शास्त्रज्ञांनी ती गोष्ट काही तासांत इतरांना कळविली म्हणूनच सुमारे ७० वेधशाळांना आपल्या दुर्बिणी त्या दिशेला वळविता आल्या.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न, आणि तो सर्वांत रूक्ष असल्यामुळे त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. जनतेच्या पैशाने झालेले संशोधन वाचण्यासाठी जनतेच्याच ग्रंथालयांनी प्रकाशकांना पुन्हा जबर वर्गणी द्यावी, या अन्यायाविरुद्ध २००२ च्या बुडापेस्ट जाहीरनाम्यापासून चळवळ चालू आहे. परंतु पुष्कळ प्रकाशकांनी वाचकाकडून घ्यावयाचा पैसा लेखकाकडून घेण्यास आरंभ केला, आणि एका लेखासाठी हजारो डॉलर मागणाऱ्या नियतकालिकाचे दार जिल्ह्याच्या गावच्या संशोधकाला वाचक म्हणून उघडले तरी लेखक म्हणून बंदच राहिले. भारत सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेत तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये देऊन ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके ६३०० संस्थांना खुली करण्याची तजवीज आहे. वाचनाची अडचण तिने पुष्कळ दूर होईल, यात शंका नाही. पण रक्कम प्रकाशकांच्या तिजोरीत जाते, आणि आपली स्वतःची सामाईक भांडारे उभारण्यास त्याचा एक दशांश भाग जरी मिळाला असता तरी काय होऊ शकले असते, हा विचार मनातून जात नाही. आणि जे छापलेच जात नाही ते तर पैसे मोजूनही वाचावयास मिळत नाही: फसलेले प्रयोग अजूनही क्वचितच नोंदले जातात. मानसशास्त्रातील १०० प्रसिद्ध प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या संशोधकांच्या मोठ्या गटाला २०१५ मध्ये त्यांतील जेमतेम ३६ टक्क्यांत पूर्वीसारखा निष्कर्ष मिळाला. फसलेल्या प्रयोगांनाही दप्तरात जागा असती तर हे कळण्यास इतकी वर्षे लागली नसती.

खर्चाप्रमाणेच श्रेयाची तजवीजही आपल्याकडे अपुरी आहे. आपल्या विद्यापीठांत अध्यापकाच्या बढतीच्या वेळी छापून आलेले लेख मोजले जातात. त्याने जतन करून सर्वांस दिलेली निरीक्षणे, दुसऱ्याच्या प्रयोगाची केलेली पडताळणी, चालू ठेवलेले सामाईक यंत्र यांना त्या कोष्टकात रकाना नाही. असा रकाना घालण्यास नवे इमारत-अनुदान लागत नाही, नियमांतील एका बदलाने तो घालता येतो. आरंभ करण्याजोगी एक संधीही समोर आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथ येथे २६०० कोटी रुपये खर्चाच्या लायगो-इंडिया वेधशाळेला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली आहे, आणि तिची निरीक्षणेही काही मुदतीनंतर सर्व जगाला खुली व्हावयाची आहेत. ती यंत्रणा सुरू होण्यास अजून काही वर्षे लागतील. तेवढ्या अवधीत नांदेड, परभणी व हिंगोली येथील महाविद्यालयांत ती निरीक्षणे वाचू शकणारे चार-दोन अध्यापक तयार व्हावेत, त्यांना त्यासाठी तासांतून सूट मिळावी आणि त्या कामाची नोंद त्यांच्या सेवापुस्तकात व्हावी, एवढी व्यवस्था मराठवाड्यातील विद्यापीठांनी आतापासून हाती घ्यावी.